चुकीच्या घोळक्यातला ठिपका

वडवणी तालुक्यातल्या दोन-चार वस्त्यांवर माझं नाव ‘रक्तवाली’ पडलं होतं. लांबून माझी स्कूटी दिसली की बायका रडणाऱ्या लेकरांना म्हणायच्या, “गप ऱ्हा, रक्तवाली आली बघ.” मला याचा संताप यायचा. आमच्या घरी जेवणाआधी शंभर पत्रकांची घडी घालायची, असा बाबांचा नियम होता. दिवसा सरकारी कचेरीत कारकुनी आणि संध्याकाळी बीडच्या गल्ल्यांतून पत्रकं, हे त्यांचं आयुष्य. ‘भूत नाही, करणी नाही, शिका आणि विचारा’ हे वाक्य मी अक्षरओळख होण्याआधी पाठ केलं. आणि नोकरी लागल्यावर लोकांनी मलाच भुतांच्या रांगेत नेऊन बसवलं.

काम सांगते. एका मोठ्या शहरातल्या संशोधन संस्थेला साठीच्या पुढच्या माणसांचं रक्त हवं होतं. अर्ध्यांची स्मरणशक्ती जात चाललेली, अर्ध्यांची शाबूत. प्रत्येक आजारी माणसाला त्याच गावातला, त्याच वयाचा एक निरोगी जोडीदार शोधायचा, दोघांची सारखीच परीक्षा घ्यायची, सारखंच रक्त घ्यायचं. मी जीवतंत्रज्ञानात पदवी घेतलेली, बीडचीच, स्कूटी चालवणारी आणि करारावर राबायला तयार. मला घेतलं.

या कामात सगळी मेहनत रक्त न हलवण्यात आहे. नळी हिंदकळली तर तांबड्या पेशी फुटतात, त्यांच्यातला ऐवज बाहेर येतो आणि आम्हाला जे शोधायचंय ते त्याखाली बुडून जातं. नळी फिरवल्यावर वर येणारं पाणी पिवळसर निघालं तर ठीक, लालसर निघालं की सगळी फेरी वाया. आमच्या जिल्ह्यातले रस्ते तुम्हाला माहीत आहेत. मी नळ्यांचा डबा पोटाशी बांधायचे, वरून ओढणी. बसस्टँडमागच्या भाड्याच्या खोलीत आमचं नळ्या फिरवायचं यंत्र होतं, तिथं दोन तासांत पोचायचं. वाटेत बायका विचारायच्या, “कितवा म्हैना, ताई?” मी म्हणायचे, “दोन तासांत मोकळी होईन.”

काही घरं विसरता येत नाहीत. बीडमध्ये कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर एक आजी होत्या. टीव्हीवर बातम्या सांगणारा आला की त्या डोक्यावर पदर घेत आणि त्याच्यासमोर चहा ठेवत. सून मला म्हणाली, “कप मीच रिकामा करते, मॅडम, न्हाईतर त्या रडतात. पण परवा मी माहेरी गेलते. आले तर कप रिकामाच.”

“तुमच्या मिस्टरांनी प्यायला असेल.”

“असंल.”

“विचारलं नाही?”

“न्हाई.”

“कावून?” मीही तिच्याच बोलीत आले.

“आन् ते न्हाई म्हणले तर?”

ती हसली. मीही हसले. 

वडवणीत एक निवृत्त गुरुजी होते. बायको वारलेली त्यांना आठवत नव्हती, रोज तिच्यासाठी ताट वाढायला सांगायचे. माझं आडनाव मात्र त्यांनी दोनदा विचारलं आणि ऐकल्यावर पाण्याचा तांब्या स्वतःकडे सरकवून घेतला. माणसाचं सगळं पुसलं जात असताना शेवटपर्यंत काय टिकतं, ते मी त्या ओसरीवर पाहिलं. सुई टोचत होते तेव्हा गुरुजी हळूच म्हणाले, “रक्तात दिसतं का गं, कोण कुठला ते?”

“चार वर्षं बघतेय गुरुजी. अजून दिसलं नाही.”

“यंत्र जुनं असेल,” ते म्हणाले.

आता रक्तात आम्ही काय शोधत होतो ते. प्रत्येक पेशीत जनुकं असतात, म्हणजे मूळ मजकूर. मजकूर कपाटातून बाहेर येत नाही. त्याच्या प्रती निघतात, त्या पेशीभर फिरतात, त्या वाचून प्रथिनं बनतात. पत्रकासारखंच. पण पत्रक छापलं म्हणजे वाचलं जातंच असं नाही. मध्येच कुणी गठ्ठा उचलून नेला तर? पेशीत असे उचलणारे असतात. त्यांना मायक्रोआरएनए म्हणतात. वीस-बावीस अक्षरांचा इवलासा तुकडा, जुळणाऱ्या प्रतीला चिकटतो आणि तिला गप्प करतो. असा एक तुकडा शेकडो जनुकांना गप्प करू शकतो, एकाच जनुकावर अनेक तुकडे नजर ठेवून असतात, आणि काही जनुकं उलट या तुकड्यांनाच आवर घालतात. हे सगळं कागदावर काढलं की जाळं होतं.

गप्प बसवणाऱ्यांच्या विरोधात वाढलेली मी. शिकताना पहिल्यांदा मला हे तुकडे सरकारी माणसं वाटले होते. मग कळलं, मेंदूत एक कात्री आहे, ती एका मोठ्या प्रथिनाचे असे तुकडे करते की ते साचून पेशींभोवती पुंजके होतात. त्या कात्रीला काबूत ठेवणाऱ्यांत हे मुके तुकडे आहेत. अल्झायमरमध्ये त्यांतले काही कमी झालेले आढळतात. ते कमी झाले की जे आयुष्यभर दबलेलं होतं ते बोलू लागतं. एक धागा सैल झाला की जाळ्याचं दुसरंच टोक हलतं, आणि सुरुवात कुठून झाली ते सापडत नाही. मेंदू उघडून बघता येत नाही, पण यांतले काही तुकडे रक्तात उतरतात. म्हणून रक्त.

धुरपदाबाई मला जोडीदार म्हणून मिळाल्या. पलीकडच्या वस्तीवरची एक आजी आजारी होती, तिच्या वयाची निरोगी बाई हवी होती. धुरपदाबाईंचं घर मेंढपाळांचं, डोंगराच्या अंगाला. घरात त्या, त्यांचे म्हातारे मालक धोंडिबा, मुलगा संतराम आणि सून मंगल. मी गेले तेव्हा त्या दारात बसून चातीवर लोकर कातत होत्या. परीक्षा घेताना त्यांचे हात थांबले नाहीत. आज वार कोणता? “बाजाराचा आदला.” बरोबर. वीस मेंढरांतली तीन गेली तर? “सतरा. पर कावून गेली? लांडगं आलतं का?” तीन शब्द लक्षात ठेवायला दिले, त्यांतले दोन त्यांनी परत सांगितले.

मग तो प्रश्न आला, नवऱ्याचं नाव. या प्रश्नावरून मी संस्थेत भांडले होते. आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, त्या गप्प बसल्या म्हणजे विसरल्या असं नाही, त्यांना शून्य देणं अन्याय आहे, असं मी तीन पानी पत्र लिहिलं होतं. आमच्या प्रमुख बाईंनी ते मान्य केलं. बाईनं खुणेनं दाखवलं तरी गुण द्यायचा, असं ठरलं. म्हणून मी म्हटलं, “आजी, नाव घेऊ नका, नुसतं दाखवा तरी चालेल.”

चाती थांबली. धुरपदाबाईंनी मान वळवली. धोंडिबा हाताच्या अंतरावर लिंबाखाली बसले होते. त्यांच्यावरून नजर पुढं गेली, डोंगरावर थांबली, आणि कोवळ्या पोरीच्या आवाजात त्यांनी हाक मारली, “धोंड्या! ए धोंड्या! पानी पाजलं का रं?”

हाक डोंगराकडं गेली. लिंबाखालचे धोंडिबा जमिनीकडं बघत म्हणाले, “व्हय. पाजलं.”

मंगलचा चेहरा उतरला होता. मी टाळ्या वाजवल्या. अक्षरशः. साठ वर्षांचा नियम मोडून एक बाई माझ्यासमोर मोकळी झाली होती! पूर्ण गुण. एकूण बेरीज निरोगीच्या रेषेच्या जरा वर गेली.

मंगल स्कूटीपर्यंत आली. “ताई, आत्याबाई नाव घ्यायल्यात.”

“मग? नाव हे घेण्यासाठीच असतं.”

“तसं न्हाई. कदीच घेतलं न्हवतं. आता दिसभर हाका मारत्यात. मामंजी शेजारी बसल्यालं असत्यात आन् ह्या तिकडं तोंड करून हाक मारत्यात. मग गप ऐकत ऱ्हात्यात. कुनीतरी ओ दिल्यावानी मान हालवत्यात.”

मी तिला भाषण दिलं. पाच-सात मिनिटांचं असेल. बाईच्या तोंडावरचं कुलूप कुणी घातलं, ते कसं उघडायचं, सगळं. मंगल ऐकत राहिली. शेवटी “बरं” म्हणाली. जाता जाता पुटपुटली, “तुमाला कसं सांगू.”

फॉर्मवर एक रकाना असतो, ‘घरच्यांचे म्हणणे’. मी तिथं लिहिलं, ‘तक्रार नाही.’ आमच्या रीतीप्रमाणे घरच्यांना एक चिठ्ठी दिली. साखर ठीक, रक्त जरा कमी, स्मरण वयाप्रमाणे चांगले. खाली माझी सही.

पाचसहा महिन्यांनी मला संस्थेत बोलावलं. तोपर्यंतच्या नमुन्यांचं चित्र पडद्यावर होतं. मायक्रोआरएनएच्या पातळ्यांवरून संगणकानं प्रत्येक माणसाचा एक ठिपका केला होता. ज्यांचं जाळं सारखं, ते ठिपके जवळजवळ. लाल आजारी, निळे निरोगी. ते काही स्वच्छ वेगळे झाले नव्हते, कडेला बरीच सरमिसळ होती. पण लालांच्या अगदी मधोमध, जिथं सगळ्यात वाईट अवस्थेतली माणसं होती, तिथं एकच निळा ठिपका होता.

“हा तुझा नमुना आहे,” प्रमुख बाई म्हणाल्या.

“म्हणजे त्या व्यक्तीला आजार आहे?”

“एका ठिपक्यावरून काहीच म्हणायचं नाही. रक्त फुटलं असेल, नळी बदलली असेल. आधी फॉर्म बघ.”

रक्त फुटलं नव्हतं. नळीवरचा क्रमांक बरोबर होता, धुरपदाबाईंचाच. फॉर्मवर माझं ठसठशीत अक्षर होतं, ‘तक्रार नाही’. मला मंगलचा आवाज ऐकू आला, शब्दन् शब्द. ती तक्रारच करत होती. त्या घरात आजाराची पहिली खूण कोणती, ते तिनं मला कुठल्याही डॉक्टरपेक्षा नेमकं सांगितलं होतं. साठ वर्षं दाबून धरलेलं एक नाव सुटलं होतं. कुलूप उघडलं नव्हतं, भिंतच खचत होती, आणि मी टाळ्या वाजवत होते.

त्या ठिपक्यानं काही सिद्ध केलं नाही, हे मी आजही सांगेन. त्यानं मला फक्त फॉर्म उघडायला लावला. पण पडद्यावर तो निळा ठिपका लालांच्या गर्दीत नुसता बसला होता, आणि मला वाटलं तो इकडंच बघतोय.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वस्तीवर गेले. दार उघडं, आवाज कुणाचा नाही. चाती भिंतीला टांगलेली. मंगल बाहेर आली, मला बघून आत गेली. मेंढरं कोंडायच्या रिकाम्या वाड्यात, कुडाच्या भिंतीजवळ धुरपदाबाई बसल्या होत्या. पायात मेंढराला बांधायची दोरी, दुसरं टोक मेखेला. कपाळावर शेंदूर आणि राख. त्या माझ्याकडं बघून हसल्या, ओळखीचं हसल्या. पण मी उजवीकडं सरकले तरी त्या तिथंच बघून हसत राहिल्या, जिथं मी आधी होते.

“हे काय आहे?” मी ओरडले.

संतराम घोंगडी झटकत आला. “वरडू नका, ताई. दोनदा डोंगरात गेलती. एकदा तर कड्याच्या तोंडावर घावली. बाहेरचं हाय. अमोशाला देवरुषाकडं न्यायचंय.”

“बाहेरचं काही नसतं! हा आजार असू शकतो, मेंदूचा.”

संतराम आत गेला आणि देवळीतून एक कागद घेऊन आला. लॅमिनेशन केलेला. माझी चिठ्ठी. वडवणीला नेऊन तो ती प्लास्टिकात घालून आला होता.

“ह्ये वाचा. तुमीच लिवलंय. डोकं चांगलं हाय म्हणून. आमी आधी डोक्याच्या डॉक्टरकडंच नेनार हुतो. हिनं हट्ट धरला हुता,” त्यानं मंगलकडं बोट दाखवलं. “पर कागद आला. म्हनलं, डोकं चांगलं हाय, मंग ह्ये दुसरं काय? देवरुषी बी कागद बघून तेच म्हनला.”

आयुष्यभर ज्या अंधारावर आम्ही पत्रकं फेकली, त्याला मी सही करून पुरावा दिला होता. प्लास्टिक उन्हात चकाकत होतं. माझं नाव त्यात नीट वाचता येत होतं.

मी म्हटलं, “संतरामदादा, कागद चुकीचा आहे. मी चुकले. मंगलताईंनी मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.”

“चुकला?”

“हो.”

“मंग आता बरोबर हायसा कशावरून?”

 मी जाळं सांगायला लागले, ठिपका सांगायला लागले, आणि ऐकता ऐकता मलाच ते देवऋषाच्या बोलण्यासारखं वाटलं. न दिसणारे तुकडे, न दिसणारे धागे, लांबच्या शहरात कुणीतरी काढलेलं चित्र.

तेवढ्यात लिंबाखालून धोंडिबा बोलले. त्या दिवशी पहिल्यांदाच. “मला म्हाईत हुतं.”

सगळे वळले.

“साल झालं आसंल. रानात भाकर खाताना येकदम धोंड्या म्हनली. लगीन व्हायच्या आदी, आमी दोगं बी पोरं आसताना, मेंढरामागं आसंच हाकारायची.” म्हाताऱ्यानं तळवे पुसले. “मला बरं वाटलं, बाबा. म्हणून बोललो न्हाई. माणूस जातंय हे कळत हुतं, आन् बरं बी वाटत हुतं.”

मंगल पदर तोंडाला लावून उभी होती. संतराम मेखेजवळ खाली बसला. त्यानं विचारलं, “आजार हाय तर बरा व्हतो का?”

“पूर्ण बरा होत नाही. गोळ्या आहेत, काहींना थोडा काळ बरं वाटतं. डॉक्टरांना दाखवून खात्री करावी लागेल. काही वेळा दुसरीच कारणं निघतात, ती बरी होतात.”

“मला व्हईल का?” त्यानं बाही वर सारली. हात माझ्यासमोर धरला. “घे रक्त. बघ आन् सांग.”

मंगल पुढं आली. मी डबा उघडला नाही. “घेऊन उपयोग नाही, दादा. आईला उतारवयात झालं म्हणून तुम्हाला होईलच असं नाही. होणार नाही, असंही मी म्हणू शकत नाही. आमच्या तपासणीतून ते कळत नाही. मला माहीत नाही.”

त्यानं हात खाली घेतला नाही. तसाच धरून माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, “चार जागी फिरलो. येक जण म्हनला लावसट लागलीया, येक म्हनला भावकीनं केलं, येक म्हनला वाड्याखाली हाडूक हाय. म्हाईत न्हाई असं येक बी म्हनला न्हाई.”

आणि तो दोरीची गाठ सोडू लागला.

पुढचं आधीच सांगून टाकते. मी ‘आधीची चिठ्ठी चुकीची आहे, डॉक्टरांना दाखवा’ असं दुसऱ्या कागदावर लिहून सही केली. संस्थेच्या नियमात असं लिहून देणं बसत नव्हतं. तरी मी सगळं कळवलं. तो ठिपका हिशेबातून काढून टाकला गेला, प्रमुख बाईंनी मला झापलं, आणि ‘घरच्यांचे म्हणणे’ हा रकाना पुढच्या फॉर्मवर अर्ध्या पानाचा झाला. वर्षअखेरीस करार संपला, तो कुणी वाढवला नाही. बीडच्या डॉक्टरांनी धुरपदाबाईंना बघितलं. आजार तोच निघाला. देवऋषाकडं त्यांना पुन्हा नेलं नाही, हे मंगलनं फोन करून सांगितलं.

पण त्या दुपारी, दोरी सुटल्यावर धुरपदाबाई उठल्या. घोट्यावरचा वळ त्यांनी पाहिलासुद्धा नाही. काठी घेतली आणि डोंगराच्या वाटेला लागल्या. संतराम धावला, म्हाताऱ्यानं त्याला नुसता हात दाखवला. जाऊ दे, आपण मागं चालू. मग त्या पुढं, आणि मागं धोंडिबा, संतराम, मंगल आणि मी. ऊन रखरखीत. रानात एक पाखरू नाही. त्या जिभेनं टिचक्या वाजवत होत्या, मेंढरांना वाजवतात तशा, आणि आम्ही आपोआप त्या तालावर चालत होतो.

टेकाडावर त्या थांबल्या. मागं वळल्या. आमच्यावर एकेक बोट ठेवत मोजू लागल्या. “येक. दोन. तीन. च्यार.” चौथं बोट माझ्यावर आलं होतं. हात तिथं थांबला नाही. माझ्या खांद्यावरून मागं गेला. “पाच.”

पुन्हा मोजलं. पुन्हा पाच.

मी शास्त्राची पदवीधर. बाबांची मुलगी. मी मागं वळून पाहिलं. पायवाट होती, आणि उन्हात हलणारं वाळलं गवत.

धुरपदाबाई संतरामकडं बघत उभ्या होत्या. मोजदाद बरोबर आहे ना, हे कुणीतरी सांगायची वाट बघत. संतरामनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा माझ्या मागं.

“व्हय माय,” तो म्हणाला. “पाचच हायती. येक बी मागं ऱ्हायलं न्हाई.”

त्यांनी मान हलवली आणि त्या पुढं निघाल्या.